धूळ कोणाची, दाम कोणाचे

विदर्भातल्या वणी, घुग्घुस, राजुरा या कोळसापट्ट्यात ट्रकांच्या रस्त्याला लागून ज्याचं वावर आहे, त्याला पर्यावरण म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागत नाही. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटते, आणि रस्त्याकडच्या तासांमधला (ओळींमधला) कापूस राखाडी दिसायला लागतो. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना काळं लागतं. तोच कापूस बाजारात गेला की व्यापारी गाठोड्यात हात घालून मूठभर बाहेर काढतो, चिमटीत चोळून बघतो आणि क्विंटलमागे भाव पाडतो. भांडायला जागा नसते, कारण माल काळा आहे हे दोघांनाही दिसत असतं.

आता हा तोटा कोणाच्या हिशेबात धरायचा? खाणीच्या ताळेबंदात तो नाही. ट्रकवाल्याच्या भाड्यात नाही. त्या कोळशावर वीज तयार होते, तिच्या दरात नाही, आणि ती वीज वापरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाच्या बिलात तर नाहीच नाही. तो फक्त रस्त्यालगतच्या शेतकऱ्याच्या वहीत आहे. धंदा एकाचा, नफा त्याचा, आणि खर्चाचा एक तुकडा मात्र तिसऱ्याच माणसाच्या माथी. अर्थशास्त्रज्ञ याला बाह्य खर्च म्हणतात. ‘विकास हवा की पर्यावरण?’ अशी जी भांडणं चालतात त्यांतली बरीचशी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. वीज कोणाला नको आहे? रात्रपाळीच्या लाइटीवर ओलित करणाऱ्याला तर सगळ्यांत जास्त हवी आहे. प्रश्न इतकाच की तिची पूर्ण किंमत कोण मोजतो.

बाजार आपण होऊन हा हिशेब जुळवत नाही. खाणमालक दुष्ट असतो म्हणून असं होतं, असं नाही. एकट्यानेच रस्त्यावर दिवसातून चार वेळा पाणी मारलं, ट्रकांवर नीट ताडपत्री बांधली, तर त्याचा कोळसा महाग पडेल आणि शेजारचा खाणवाला गिऱ्हाईक पळवेल. म्हणून सगळ्यांना एकच नियम लागतो. इथून सरकारी धोरणाचं काम सुरू होतं.

सरकारला आधी स्वतःची मोजपट्टीही तपासावी लागते. जिल्ह्याचं उत्पन्न वाढलं म्हणतात तेव्हा त्या वर्षी किती माल निघाला, किती सेवा विकल्या गेल्या, एवढंच मोजलेलं असतं. जमिनीखालचा कोळसा किती उरला, नदीचं काय झालं, जंगल किती विरळ झालं, हे त्यात येत नाही. दावणीचा बैल विकून आलेला पैसा कोणी त्या सालच्या कमाईत धरला, तर घरचा म्हातारा त्याला वेड्यात काढेल. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र हे बिनदिक्कत चालतं. उलट दमा झाला, दवाखान्याचं बिल झालं, तर ते बिलही उत्पन्नात जमा होतं.

खर्च ज्याचा त्याच्या वहीत टाकायला सरकारकडे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. एक, नियम: धुरातून इतकीच राख, पाण्यातून इतकाच मैला, त्यापलीकडे दंड. दोन, कर किंवा उपकर: घाण करणारी वस्तू महाग करा, म्हणजे वापर आपोआप कमी होईल आणि हाती पैसाही येईल. तीन, हक्क: जो सांभाळतो त्यालाच मालकी द्या, म्हणजे सांभाळण्यात त्याचा फायदा राहील. विदर्भात तिन्हींचे प्रयोग झाले आहेत, आणि तिन्हींचे निकाल अगदी वेगवेगळे आहेत.

नियमांचं आधी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. शंभरापैकी सत्तरच्या वर गेला तो पट्टा अतिप्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. दहावीच्या निकालात हे गुण चालले असते. पुढच्या वर्षी अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदी आली, मग कृती आराखडे सादर झाले आणि बंदी उठली. औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूचे कडक निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदत दोन वर्षांची होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना वायू गाळणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं, हा सरकारचा युक्तिवाद. तो तपासण्याजोगा आहे, पण दहा वर्षं मुदतवाढ देऊन शेवटी नियमच सैल करायचा, यातून कारखानदार एकच धडा घेतो: थांबलं की सुटतं. ज्या केंद्राने वेळेत पैसे घालून यंत्रणा बसवली, तेच मूर्ख ठरलं.

राखेचंही थोडंफार तसंच. राख वापरायची सक्ती १९९९ पासून आहे, आणि डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळीच्या सगळी राख विटा, सिमेंट, रस्ते यांत वापरायला लावली. न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाईही ठरवली. हा नियम मला पटतो, कारण यात राख हा कचरा न राहता कोणाला तरी विकावा लागणारा माल होतो. पण जुनी साचलेली राख आहेच. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राखबंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत शिरला. ओली राख वावरावर बसून वाळली की सिमेंटसारखी पापडी धरते. ती काढायची मजुरी कोणत्या पिकातून निघणार?

दुसरी वाट कराची. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या भागातून जाणाऱ्या प्रत्येक कोळशाच्या ट्रकवर तो कर बसला होता आणि फार थोड्यांना त्याची कल्पना होती.

२०१० च्या अर्थसंकल्पात केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. कल्पना अगदी पुस्तकी आणि चांगली: कोळसा थोडा महाग होईल, आणि जमा होणाऱ्या पैशातून सौरऊर्जा वगैरे कामांसाठी निधी उभा राहील. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. म्हणजे पंचवीस टनांच्या एका ट्रकमागे दहा हजार रुपये. वणीच्या चौकात तासभर उभं राहून ट्रक मोजले तर रकमेचा अंदाज येईल.

पुढे काय झालं? २०१७ मध्ये जीएसटी आला. हा उपकर त्यात विरघळला आणि तेवढ्याच दराने भरपाई उपकर म्हणून चालू राहिला. भरपाई कोणाला? जीएसटीमुळे राज्यांचा महसूल बुडेल, तो भरून द्यायला. ज्या पैशाचा जन्म कोळशाच्या धुरापायी झाला, तो राज्यांच्या तिजोरीचं भोक बुजवायला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. हा १८ टक्के किमतीवर आहे, टनावर नाही. त्यामुळे हलक्या, स्वस्त, जास्त राखेच्या कोळशावर कर कमी पडतो आणि चांगल्या, महाग कोळशावर जास्त. धुराच्या हिशेबाने हे उलटं झालं. या पंधरा वर्षांत रस्त्यालगतच्या कापसाच्या नावावर त्यातला किती पैसा आला, हे वाचकांनी आपल्या गावात विचारून पाहावं.

उपकरापेक्षा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा गावाच्या जवळचा आहे. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने हे आलं. खाणमालक सरकारला रॉयल्टी देतो, तिच्या वर आणखी काही हिस्सा जिल्ह्याच्या प्रतिष्ठानात भरतो: जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, दुरुस्तीनंतर लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांना १० टक्के. पैसा दिल्लीला जात नाही, जिल्ह्यातच राहतो. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण रोखणं या कामांना त्यातला मोठा वाटा द्यायचा असा नियम आहे, आणि तोही खाणीने बाधित गावांना आधी. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर आणि आता सूरजागडच्या लोखंडामुळे गडचिरोली, हे या पैशाचे जिल्हे. माझं मत विचाराल तर कायद्यातली ही तरतूद चांगली आहे आणि तिच्यावरची नजर कच्ची आहे. गावात आरओचं मशीन बसलं की फोटो निघतो. दोन वर्षांनी ते बंद पडलेलं असतं, तेव्हा कोणी फोटो काढत नाही.

आता तिसरी वाट, हक्कांची. इथे मात्र विदर्भाने देशाला दोन गोष्टी शिकवल्या.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गावातले देवाजी तोफा आणि गावासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. गावाच्या शिवारात सुमारे १,८०० हेक्टर जंगल, त्यात भरपूर बांबू. पण तो बांबू वर्षानुवर्षं सरकारी करारावर कागद कारखान्याला जायचा, अगदी कवडीमोल भावात. टोपली विणायला दोन बांबू आणले तर गावकरी चोर, आणि गाडीच्या गाड्या नेल्या तर तो उद्योग.

कंत्राटी तोडीत एक खोट होती, ती बांबूच्या रांजीपाशी, म्हणजे बेटापाशी, उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रांजीत दरवर्षी जमिनीतून नवे कोंब येतात, इकडे त्यांना वास्ते म्हणतात. या कोवळ्या कोंबांना आधार असतो तो आजूबाजूच्या जुन्या बांबूंचा. म्हणून तोडताना पिकलेले काढायचे, कोवळे ठेवायचे, आणि तेही जमिनीपासून थोडी पेरं वर तोडायचे. नगावर मजुरी मिळणारा मजूर इतकं कशाला पाहील? तो हाताशी येईल ते तोडतो. पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच जंगलात असतो.

२००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे झाडांचं लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हणून लिहिला गेला. मेंढ्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांपैकी. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनविभागाच्या हाती, आणि विभाग म्हणे १९२७ च्या जुन्या कायद्यात बांबू हा वृक्ष आहे. गवताच्या कुळातली वनस्पती वृक्ष की गवत, यावर दोन वर्षं गेली. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवसापासून बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, कोणाला विकायचा हे गाव ठरवू लागलं. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते. वेळ लागतो. पण एकदा ठरलं की पाळलं जातं, कारण राखण करायला बाहेरचा गार्ड नसतो, शेजारीच असतो.

दुसरं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. त्यांना २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबूतून रोजगार सुरू झाला, आणि मग त्यांनी जे केलं त्याने बाहेरची माणसं चक्रावली: तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला हमखास रोख पैसा. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचं एक पोतं, असा तो विकला जातो. पण चांगली कोवळी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात आणि जंगलाला आगी लावतात. आगीत बांबूचे कोंब जातात, मोहाची रोपं जातात, आणि छाटलेल्या तेंदूला फळ धरत नाही. पाचगावने हिशेब मांडला आणि बांबू निवडला. कोणत्याही अधिकाऱ्याने हा आदेश काढला असता तर मोर्चा निघाला असता.

गडचिरोलीत आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. सगळीकडे मेंढा झालं असं मात्र नाही. काही ठिकाणी हक्काचा कागद मिळाला आणि हिशेब ठेवणारं कोणी मिळालं नाही. तेंदूच्या ठेकेदाराने पैसे थकवले की ग्रामसभेला दारोदार फिरावं लागतं. व्यापाराची माहिती, बँकेचं खातं, लेखापरीक्षण, यांत सरकारने हात द्यायला हवा होता. हक्क देऊन सरकार मोकळं झालं.

याची उलटी बाजू पाहायची तर मामा तलाव पाहावेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे हजारो माजी मालगुजारी तलाव. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर धान पिकला, ढिवरांनी मासे धरले. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि गावाची गाळ काढायची, पाळ बांधायची जबाबदारी हळूहळू कोणाचीच उरली नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली, पाळींवर अतिक्रमण झालं. मालगुजार जाऊन गाव मालक झालं असतं तर गोष्ट वेगळी असती. आता गाळ काढायच्या योजना येतात, आणि निधी संपला की थांबतात.

इथवर वाचून वाटेल की खर्च नेहमी उद्योगच दुसऱ्यावर ढकलतो. वाघ पाहा. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले, आणि त्यातले बहुतेक विदर्भात. देशाच्या दृष्टीने हे यश आहे, ताडोब्याच्या जिप्सीतल्या पर्यटकाच्या दृष्टीने तर आहेच. पण एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला वाकलेल्या बाईच्या दृष्टीने? वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या भागात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं चण्याचं वावर एका रात्रीत सपाट करतात, म्हणून शेतकरी हिवाळाभर मचाणावर जागल करतो. संवर्धनाचा फायदा साऱ्या देशाचा आणि खर्च धुऱ्यावरच्या माणसाचा, हेही कोळशाच्या धुळीसारखंच झालं.

इथे धोरणाने काही बरं केलं आहे. मृत्यूची भरपाई आता २५ लाखांवर गेली आहे. २०१५ च्या जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांना गॅस मिळाला, म्हणजे सरपणासाठी रानात जाणं कमी झालं. सौरकुंपणही आलं. सौरकुंपणाचा झटका जनावराला परतवतो, मारत नाही. ते परवडलं नाही किंवा वेळेत मिळालं नाही की माणूस थेट लाइनवरून तार सोडतो, आणि त्या तारेवर कधी वाघ जातो, कधी शेजारी. कुंपणाचं अनुदान पेरणीआधी पोचतं की काढणीनंतर, यावर जीव अवलंबून असतात.

मनसर ते खवासा हा पेंचच्या व्याघ्र जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ मात्र माझं आवडतं उदाहरण. रस्ता रुंद करायचा होता, आणि तो वाघांच्या वाटेत होता. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. रस्ता रद्द झाला नाही, तो काही ठिकाणी उचलला गेला. खालून प्राण्यांना जाता येईल अशी नऊ बांधकामं झाली, त्यातलं सगळ्यांत लांब ७५० मीटरचं. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये खाली कॅमेरे लावले तेव्हा अठरा जातींचे प्राणी तिथून जाताना दिसले, वाघसुद्धा. पुलांवर जास्तीचे पैसे गेले. ते रस्त्याच्या अंदाजपत्रकातून गेले, म्हणजे योग्य वहीतून गेले. ही तरतूद पहिल्या आराखड्यातच असती तर कोर्टातली वर्षं वाचली असती.

तुमच्या भागात खाण, कारखाना किंवा खाणीचा विस्तार येत असेल तर पर्यावरण मंजुरीबाबतच्या केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते. ती प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हायला हवी. किमान तीस दिवस आधी नोटीस हवी. पर्यावरण अहवालाचा गोषवारा मराठीत हवा, तो मागून घ्या आणि त्यात आपल्या गावचा नाला, तलाव, रस्ता लिहिला आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा नसतो. ‘विरोध आहे’ किंवा ‘स्वागत आहे’ एवढं बोलून खाली बसू नका. रोज किती ट्रक, कोणत्या रस्त्याने, ताडपत्री कोण तपासणार, पाणी कोण मारणार, विहिरी आटल्या तर काय, हे विचारा, कारण विचारलेलं आणि दिलेलं उत्तर इतिवृत्तात जातं. ते इतिवृत्त सभा संपायच्या आधी मराठीत वाचून दाखवायचा नियम आहे. तेव्हा जेवणाच्या पाकिटांकडे वळू नका.

मंजुरी मिळालीच तर तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते आणि ती तीस दिवस फलकावर लावावी लागते. त्यात अटींची लांबलचक यादी असते, आणि धूळ दाबण्याची अट बहुतेक वेळा असतेच. त्या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. डिसेंबरचा अहवाल कापूस वेचणीच्या ऐन हंगामात येतो. रस्त्याकडच्या तासांमधली दोन बोंडं आणि तो कागद घेऊन ग्रामसभेत बसता येतं.